सरांच्या घशाचं ऑपरेशन

राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. रोजची कामं ठरलेली: पंख्यात साठलेली धूळ, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी, रुसलेला प्रिंटर. उरलेल्यांचं एकच म्हणणं, "व्हायरस आलाय, फॉरमॅट मारा." फॉरमॅट ही आमच्या धंद्यातली तापावरची गोळी आहे. रोग कोणताही असो, देऊन टाकायची आणि पाचशे रुपये घ्यायचे.

सानेगुरुजी वसाहतीत राहणारे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांनी अशा दोन गोळ्या घेऊन झाल्या होत्या. तक्रार एवढीच, की मित्रांचे मेल यायचे बंद झालेत. दोन वेगवेगळ्या पोरांनी येऊन मशीन फॉरमॅट केलं. दुसऱ्यानं तर बॅकअप न घेताच केलं आणि नातवाच्या बारशाचे फोटो गेले. सरांचा मेल जीमेलचा. तो मशीनमध्ये नसतो, गूगलच्या सर्व्हरवर असतो. सरांच्या मोबाइलवर तोच मेल उघडून बघितला असता, तर मशीनचा काही संबंध नाही हे दोन मिनिटांत कळलं असतं. पण बघतंय कोण!

मी बसलो, काकूंनी चहा ठेवला. सर बोलता बोलता दुसरीच गोष्ट सांगायला लागले.

"परवा आमचा इचलकरंजीचा मित्र आला हो, शहाळी घेऊन. मी बागेला पाणी घालत होतो. तो फाटकातच थांबला. म्हणतो, 'अरे, ऑपरेशन झालंय ना तुझं? बोलतोस कसा?'"

सरांच्या नावानं त्याला मेल गेला होता. घशाचं ऑपरेशन आहे, डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे, फोन करू नकोस, तातडीनं पंचवीस हजार पाठव. त्यानं पाठवले. सरांच्या लेखी मित्राची फसवणूक वेगळी आणि आपले मेल न येणं वेगळं. मी चहा बाजूला ठेवला.

जीमेलच्या सेटिंगमध्ये फिल्टर नावाचं एक पान असतं. अमक्याकडून मेल आला तर त्याचं काय करायचं, याचे नियम तिथं लिहिता येतात. घरगुती वापरात हे पान कुणी उघडत नाही. सरांनीही कधी उघडलं नव्हतं. तरी तिथं एक नियम होता. त्यात सरांच्या जुन्या मित्रांचे पत्ते ओळीनं लिहिलेले, आणि पुढं हुकूम: यांचा मेल इनबॉक्समध्ये न दाखवता थेट कचऱ्यात टाका. मग 'उत्तर कुठं जावं' ते बघितलं. तिथं सरांचाच पत्ता दिसत होता. मी स्क्रीन मोठी केली. सरांच्या आडनावात इंग्रजी एम आहे. त्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी बसवले होते. नेहमीच्या आकारात ती दोन अक्षरं एमसारखीच दिसतात. मित्रानं "किती लागतील?" असं उत्तर दिलं की ते चोराकडं. कुणी स्वतंत्र मेल लिहिला तर तो कचऱ्यात. चोर असला तरी काम नेटकं, हे मान्य करायला पाहिजे.

जीमेलचा कचरा तीस दिवस राहतो, म्हणून तो उघडला. "बोलू नकोस, पण दोन ओळी तरी लिही." "लाजू नकोस, अजून लागले तर सांग." सर वाचत गेले आणि एकदम कीबोर्ड ओढून उत्तर लिहायला लागले. मी थांबवलं. म्हटलं, सर, तो अजून आत आहे, तुमचं उत्तर आधी तोच वाचेल.

आत होताच. सरांच्या पुण्याच्या मुलानं महिन्यापूर्वी फोनवरून पासवर्ड बदलून घेतला होता. पण नुसता पासवर्ड बदलून फिल्टर पुसला जात नाही. शिवाय खातं परत मिळवण्यासाठी जो दुसरा मेल पत्ता देतात, तो सरांचा नव्हताच. म्हणजे 'पासवर्ड विसरलो' म्हणून चोर कधीही नवा पासवर्ड करून घेऊ शकत होता. आधी तो पत्ता काढून टाकला, मुलाचा घातला. मग नवा लांब पासवर्ड, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट, फिल्टर आणि तो नकली पत्ता साफ. दुसऱ्यांना दिलेले प्रवेश आणि मेल परस्पर पुढं पाठवण्याची सोयही तपासली. शेवटी दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली आणि फोन हरवला तर लागणारे दहा बॅकअप कोड सरांनी आपल्या डायरीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले.

ते ऐकून मुलगा फोनवरून उखडला. "अहो, ते डायरीत लिहितात म्हणूनच हे झालं!"

मला ते पटत नाही. चोर काही सानेगुरुजी वसाहतीत येऊन कपाट उघडून गेला नाही. डायरी चाळली तेव्हा खरा घोळ दिसला: मेल, रेल्वे, वीजबिल, दोन खरेदीच्या साइट, सगळीकडं एकच पासवर्ड. काकूंचं नाव आणि निवृत्तीचं साल. यातली एक साइट फुटली की सगळं उघडं. डायरीत दहा वेगळे पासवर्ड लिहिलेले परवडले.

पण तो आत आला कुठून, हे मला अजून छातीठोक सांगता येत नाही. एक मेल सापडला: तुमची जागा संपली आहे, मेल बंद होईल, इथं लॉगिन करा. माउस लिंकवर नुसता धरला की खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. सुरुवातीला गूगलचं नाव होतं, पण पत्त्याचा मालक शेवटून ओळखायचा असतो. सुरुवातीचं 'https://' सोडून पुढं जी पहिली तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधी जे नाव असतं, ते मालकाचं. इथं ते भलतंच होतं. बँकांचं सध्या थोडं सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेनं त्यांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. मेलबॉक्सच्या पत्त्याला अशी काही खूण नाही. आणि सरांची १५ जीबीची फुकट जागा खरोखरच भरत आली होती! "टाकला असेन पासवर्ड बहुतेक," सर म्हणाले. बहुतेक.

ऑपरेशनची थाप मात्र कुठून आली ते सापडलं. सरांनी घशाच्या तपासणीचा रिपोर्ट मुलाला मेलनं पाठवला होता. तपासणी खरी, रिपोर्ट नॉर्मल. चोरानं तेवढ्यावर ऑपरेशन रचलं आणि त्यातच फोनचा रस्ताही बंद केला.

मित्राला मी सरांच्या फोनवरूनच बोललो. म्हणाला, "मेल इंग्रजीत होता. हा मला जन्मात कधी इंग्रजीत लिहीत नाही. वाटलं, पोराकडून लिहून घेतलं असेल." त्याला लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला आणि बँकेत जायला सांगितलं. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर पुढच्या खात्यात अडकवता येतात. इथं बरेच दिवस उलटले होते. सर म्हणतात, ते पंचवीस हजार मी देतो. काकू म्हणतात, का म्हणून? माझं मत कुणी विचारलं नाही, पण मी काकूंच्या बाजूचा.

निघताना सरांनी विचारलं, "त्यानं आमचं जे वाचलं, उतरवून घेतलं, ते त्याच्याकडचं पुसता येईल?"

नाही म्हणालो. मग पुन्हा बसलो आणि शोधाच्या चौकटीत 'पॅन' टाकलं, 'आधार' टाकलं. पानंच्या पानं भरली. कर्जासाठी, सिमकार्डासाठी, पेन्शनच्या दाखल्यासाठी पाठवलेल्या प्रती सगळ्या 'पाठवलेले'मध्ये पडून. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून दिलं. सरांना म्हटलं, लागणारं तेवढं घरच्या पेनड्राइव्हवर घ्या आणि मेलमधलं काढून टाका, पुन्हा कुणी शिरला तर निदान हातात काही पडायला नको.

मुलानं माझे पैसे पाठवले, पण आधी विचारलंच, नुसतं सेटिंग बघायचे एवढे? काल सरांचा फोन होता. मागं मागं जात २०१४ पर्यंत आलेत, विम्याची एक पॉलिसी सापडलीय, ती ठेवायची का पुसायची?