मेंटरच्या वाट्याला पेशंट किती?

दरवर्षी आमच्या वॉर्डात नर्सिंगचं जीएनएम, बीएससी झालेल्या नव्या मुली येतात. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, एखादी पार इंडीकडची. कौन्सिलची नोंदणी झालेली, युनिफॉर्मला कडक इस्त्री, आणि पहिल्या आठवड्यात डबा न उघडताच परत घरी. मार्लिन क्रॅमर या अमेरिकन नर्सबाईंनी 1974 मध्येच याला ‘रिअ‍ॅलिटी शॉक’ म्हटलंय. कॉलेजात एका पेशंटची केस स्टडी निवांत लिहिता येते. इथं सकाळी आठला चार्ज घेतला की दहा पेशंट, दोन डिस्चार्ज, राउंड, आणि बाहेर नातेवाइकांची गर्दी. त्यात आमचं सोलापूर. एक आजी तेलुगूत ‘अक्का’ म्हणून हाक मारतात, शेजारचे काका कन्नडमध्ये दुखणं सांगतात. हे कुठल्या सिलॅबसमध्ये आहे?

म्हणून मेंटर, म्हणजे नव्या मुलीला सोबत घेऊन शिकवणारी अनुभवी सिस्टर. कागदावर ते आमच्याकडे आधीपासून होतंच. सर्क्युलर निघालं, नोटीस बोर्डावर जोड्या लागल्या, मेंटरना सर्टिफिकेटं मिळाली, फोटोही झाला. पण रोस्टर तेच. मेंटर सकाळपाळीला, मुलगी दुपारपाळीला. भेट व्हायची ती दोनच्या हँडओव्हरला, तीही उभ्या-उभ्या. आणि मेंटरच्या अंगावर पेशंट सगळ्यांएवढेच. तक्रार केली तर उत्तर ठरलेलं : “सिनिअरनं शिकवायचंच असतं ओ सिस्टर, त्यात वेगळं काय?”

वेगळं काय, ते सांगते. इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे चाळीसची बाटली, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट, आणि शंभरचीही येते. चाळीसच्या सिरिंजला लाल टोपी, शंभरच्या सिरिंजला नारिंगी. परवा नव्या मुलीच्या हातात बाटली शंभरची आणि सिरिंज लाल टोपीची. तिची मेंटर शेजारीच होती. ओरडली नाही, हिसकावून घेतली नाही.

“बाटलीवर काय लिहिलंय, मोठ्यानं वाच.”

“हंड्रेड.”

“आणि सिरिंजवर?”

पोरगी थांबली. या सिरिंजनं वीसच्या खुणेपर्यंत ओढलं असतं तर वीस नाही, पन्नास युनिट गेलं असतं. मेंटरनं तिथंच ट्रॉलीवर कागदाच्या कपट्यावर हिशेब मांडायला लावला. पाच मिनिटं गेली असतील. पण ती पाच मिनिटं मेंटरकडे होती, कारण त्या दिवशी तिच्या नावावर नेहमीच्या निम्मेच पेशंट होते.

हा बदल मेट्रन मॅडमनी भांडून करून घेतला. सुरुवातीचे काही आठवडे दोघींची पाळी एकच, मेंटरचे पेशंट निम्मे, आणि नव्या मुलीला एकटीनं नाइट नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर सर आधी म्हणाले, माणसं कुठून आणू? मॅडमनी विचारलं, वर्षाच्या आत सोडून जातात त्यांच्या जागी आणताच ना? तेव्हा कुठं रोस्टर हललं. म्हणून मला वाटतं, मेंटरिंगसाठी मॅनेजमेंटनं द्यायची मुख्य गोष्ट म्हणजे मोकळा वेळ. वर्कशॉप, पेढे, बॅज नंतर बघू. भत्त्याबद्दल आमच्या सिनिअरना विचारलं तर बहुतेकींनी जादा ऑफ मागितला, पैसे नाही.

अजून एक. मूल्यमापनाचा फॉर्म मेंटरनं भरू नये. जी आपल्याला मार्क देणार तिला कोण विचारेल, “ताई, हा पंप कसा लावायचा?” आणि सगळ्यात सिनिअर तीच मेंटर, हेही नको. ‘आम्हाला कुणी शिकवलं होतं?’ म्हणणाऱ्या आमच्यात अजून आहेत. हाताला सफाई आहे त्यांच्या, पण पोरींना रडवतात.

आता नवी बॅच येतेय, आणि दोन सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर. सर परवा सहज म्हणाले, “या वेळी मेंटरना पेशंट पूर्ण देऊन बघू या का?” मॅडमनी नुसतं बघितलं. शनिवारी रोस्टर लागेल. जोड्यांची नावं मी नंतर वाचेन, आधी पेशंटचा रकाना बघणार आहे.