दीड फूट पाणी

सांगलीत विश्रामबागेतल्या कुठल्याही अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये दुपारी दोनला डोकावून बघा. वॉचमन पेंगत असतो, कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर मांजर पसरलेलं असतं आणि जिन्याखाली एक चारफुटी फिशटँक धूळ खात पडलेला असतो. त्यात मासे सोडून सगळं असतं. बॅट, एकेकट्या चपला, मखराचं उरलेलं थर्माकोल, बंद पडलेला एअरपंप. एका बंगल्याच्या गच्चीवर तर अशा टँकमध्ये वाळवणाच्या मिरच्या होत्या. काचेतून ऊन छान लागतं म्हणे.

अशा टँकवर नजर ठेवून असणारी एक जमात आहे. "न्या हो, जागा तरी मोकळी होईल," हे वाक्य कानावर पडायचा अवकाश, की तिसऱ्या माणसाची आणि टेम्पोत टाकायला गादीची शोधाशोध सुरू होते. तिसरा माणूस लागतोच. चार बाय दीड बाय दीडचा टँक, काच दहा मिलिमीटर, म्हणजे नुसती रिकामी पेटीच पन्नास किलोच्या वर भरते. उचलायची ती तळाच्या काचेखाली हात घालून. वरची आडवी पट्टी हँडलसारखी दिसते खरी, पण ती पाण्याच्या रेट्यानं काचेचं पोट फुगू नये म्हणून बसवलेली असते, उचलण्यासाठी नाही. आणि तळाशी दोन इंच का होईना, पाणी शिल्लक ठेवून कधीच उचलू नये.

घ्यायच्या आधी बोट फिरवायचं ते काचेच्या कडांवरून. मधल्या भागावरचा ओरखडा फक्त डोळ्याला खुपतो. कोपऱ्याजवळचा टवका मात्र भरल्यावर तडा होऊन वर चढतो. तडा असेल तर नमस्कार करून परत फिरावं, मिरच्यांसाठी पेटी उत्तम आहे. मग आतल्या सिलिकॉनवर नख दाबून बघायचं. रबरासारखं दबून परत आलं तर ठीक. नखाबरोबर सालपट निघालं, किंवा काच आणि सिलिकॉनमध्ये पांढुरकी, हवा शिरल्यासारखी रेघ दिसली, तर पुढचे आठ दिवस कामाचे आहेत.

आता पाणी. या पेटीत नऊ घनफूट, म्हणजे काठोकाठ २५५ लिटर मावतं. काच आणि वाळू धरून साडेतीनशे किलोचा हिशेब ठेवावा. पण लोक फसतात ते वजनात नाही, उंचीत. "अर्धा भरून ठेवलाय दोन दिवस, थेंब नाही!" असं विकणाराही सांगतो आणि घेणाराही आनंदानं मान डोलावतो. पाण्याची उंची दुप्पट झाली की समोरच्या काचेवरचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. नऊ इंचाला या काचेवर साधारण बत्तीस किलोचा भार असतो, अठरा इंचाला सव्वाशेच्या वर जातो. अर्धा टँक भरणं म्हणजे पाव परीक्षा.

खरं तर सांगलीकराला ही गोष्ट कुणी सांगायला नको. जुलै लागला की अख्ख्या गावाचं बोलणंच फुटांत सुरू होतं. "आयर्विनला किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे शाळेतल्या पोराला पाढ्यासारखं पाठ. २०१९ ला तर पाणी सत्तावन्न फुटांच्या पुढे गेलं. शेवटच्या पाच फुटांत काय होतं आणि आधीच्या वीस फुटांत काय होत नाही, हे जुन्या पेठांतल्या भिंतींना विचारावं. तोच माणूस फिशटँकसमोर उभा राहिला की नऊ इंचावर खूश.

तर चाचणी अंगणात, सावलीत, सपाट जागी, खाली अर्ध्या इंचाचं थर्माकोल घालून. तळाला प्लॅस्टिकची चौकट असलेला टँक असेल तर मात्र थर्माकोल नको, तो चौकटीवरच बसायला हवा. चारी बाजूंनी कडेला वर्तमानपत्राचे कागद सरकवायचे. ओला डाग फरशीवर दिसत नाही, कागदावर लगेच दिसतो. पाव भरा, तासभर थांबा. अर्धा भरा, थांबा. मग वरपर्यंत, आणि पूर्ण अठ्ठेचाळीस तास. एक घोळ नेहमी होतो: थेंब जिथं पडतो तिथं भोक नसतं. पाणी सांध्यातून सरकत कोपऱ्यापर्यंत येतं आणि तिथून टपकतं. काच बाहेरून कोरडी पुसून सांध्यावर टाल्कम पावडर भुरभुरवली की ओघळाचा उगम सापडतो. त्याहून आळशी उपाय म्हणजे गळू द्यायचं. पातळी उतरत उतरत जिथं थांबेल, त्या रेषेवर भोक.

गळतंय म्हटल्यावर "वरून थोडं सिलिकॉन फासू" म्हणणारा एकजण हजर असतोच. त्याला चहाला पाठवावं. जुन्या, वाळलेल्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन नीट धरत नाही. आतला सगळा थर ब्लेडनं खरवडून काढायचा, एकच कोपरा नव्हे, सगळे. काच अॅसिटोननं पुसायची आणि मग त्या जागेला बोटही लावायचं नाही. सिलिकॉन व्हिनेगरसारख्या वासाचं, साधं. बाथरूमसाठी मिळतं त्यात बुरशी मारायचं औषध असतं, ते माशांनाही मारतं. उभे आणि तळाचे सांधे मिळून सतरा फूट भरतात. एक ट्यूब कशीबशी पुरते, म्हणून दोन आणाव्यात. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, एका दमात रेघ, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच फिरवायचं आणि साय धरायच्या आत टेप ओढायची. दुसऱ्यांदा बोट फिरवलं की तिथं सुरकुती पडलीच म्हणून समजा. दोन काचांच्या मधलं, मूळ सांध्याचं सिलिकॉनच सुटलं असेल तर मात्र हे काम उपयोगाचं नाही, पेटी खोलून पुन्हा जोडावी लागते.

मग आठवडाभर हात बांधून बसायचं. व्हिनेगरचा वास पूर्ण जाईपर्यंत पाणी नाही. घरातली पोरं याच आठवड्यात हैराण करतात, आणि त्यांचंही चूक नाही. डॉक्टरांच्या वेटिंगमधल्या टँकला नाक चिकटवून ज्यानं इंजेक्शनची भीती पुढं ढकलली नाही असा मुलगा कुठला? पेटीतला तो प्लॅस्टिकचा खजिना, झाकण उघडून बुडबुडा सोडणारा, किती वेळात उघडतो याचे आकडे मोजले जायचे. घरी तर हॉर्लिक्सची बाटली आणि त्यात डास कमी व्हावेत म्हणून घरोघरी दिलेल्या गप्पी माशांपैकी चार. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी बाटली धुतली जायची आणि तिच्यात शेंगदाण्याची चटणी भरली जायची. त्या चटणीला वास यायचा, असं कुणीच कधी बोललं नाही.

या मधल्या दिवसांत काचेवरचा बोअरच्या पाण्याचा पांढरा थर काढून घ्यावा. लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून, फडका त्यात भिजवून तासभर काचेवर चिकटवून ठेवायचा. साबण नाही, भांड्यांची पावडर तर नाहीच नाही.

आणि स्टँड. घरी केलेल्या स्टँडवर सगळे एकच प्रश्न विचारतात: वजन पेलेल का? चार पायांवर नव्वद-नव्वद किलो येतात, तेवढे साधा लोखंडी अँगलही पेलतो. पाय खाली दबत नाहीत, ते बाजूला कलतात. पोरगं धावत येऊन टेकलं, कुणी पुसताना रेटा दिला, की चौकोनाचा पतंग होतो. म्हणून मागच्या बाजूला एक तिरपी पट्टी किंवा अखंड प्लायवूड हवंच. वेल्डिंगच्या उष्णतेनं वरची चौकट पिळवटते, काटकोन तपासायचा गुण्या लावून ते कळत नाही. दोन दोऱ्या कर्णाकर्णी ताणून बांधा. मधे त्या एकमेकींना जेमतेम शिवल्या तर चौकट सरळ, मधे फट राहिली किंवा एक दोरी दुसरीवर दाबून वाकली तर पीळ आहे. वरचं अठरा मिलिमीटरचं प्लाय आणि थर्माकोल वाळूचा कण जिरवतात, पीळ जिरवत नाहीत. तो तळाची काच जिरवते, एकदाच. घरातली शहाबादी मोरीकडे उतरती असते, गवंड्यानं मुद्दाम दिलेला उतार. पाचर घालायची तर पायाखाली, टँक आणि स्टँडच्या मधे नाही. दोन इंच पाणी भरून चारी कोपऱ्यांत पट्टीनं मोजलं की लेव्हल किती आहे ते टँकच सांगतो.

आता दुसरी चाचणी, पुन्हा अंगणात, पुन्हा अठरा इंच. काचेवर मार्करची रेघ, शेजारी वेळ. एप्रिलच्या उन्हाळ्यात सकाळी बघावं तर पाणी रेघेच्या खाली! कागद कोरडे आहेत, पावडर कोरडी आहे, तरी पाणी गेलं कुठं? यासाठी शेजारी एक बादली भरून ठेवायची, तिलाही रेघ मारायची. दोन्हींची पातळी सारखी उतरली तर वाफ, टँक जास्त उतरला तर गळती. झकास युक्ती आहे. फक्त बादलीवर जाळी टाकायला विसरू नये. कावळे टँकच्या गुळगुळीत काठावर बसत नाहीत, बादलीच्या काठावर बसतात, मनसोक्त पितात, आंघोळही उरकतात, आणि मग टँकपेक्षा बादलीच जास्त गळते.