अक्षता आणि होम

सोलापूरची गड्ड्याची यात्रा बघायची तर संक्रांतीच्या आधी ये, असं मित्र दरवर्षी सांगायचा. यंदा जमलं. रिक्षाने चार पुतळा चौकात सोडलं, तेव्हा पुतळ्यांच्या गळ्यातले हार पुरते सुकलेही नव्हते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. मे 1930 मध्ये इथे मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 ला या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यांचा स्मृतिदिन उरकतो न उरकतो तोच गाव लग्नाला लागतं.

लग्न ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं. आख्यायिका अशी, की एका कुंभारकन्येचं मन त्यांच्यावर जडलं आणि ते म्हणाले, माझ्या योगदंडाशी लग्न कर. सात नंदीध्वज म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, त्या पेलणारे पांढऱ्या बाराबंदीतले लोक, संमती कट्ट्यावर 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' आणि अक्षतांचा पाऊस. रात्री आंघोळ करताना माझ्या कॉलरमधून तांदूळ पडले. दुसऱ्या दिवशी होम मैदानावर त्याच नवरीच्या अग्निप्रवेशाचा विधी.

तो मी मैदानावर जाऊन पाहिलाच नाही. अशोक चौकाजवळ मित्राच्या घरी टीव्हीवर पाहिला. मावशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. पूर्व भागातल्या कितीतरी तेलुगू घरांत हेच काम चालतं. ओलसर पान कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोऱ्याचे दोन फेरे, तोंड मुडपलं की झाली. नजर टीव्हीवर, बोटं आपल्या कामात. माझ्याच्याने एकही धड वळली नाही. वळलेली मावशींनी न बोलता सोडून पान परत ठेवलं.

"लग्न लावायचं अन् दुसऱ्या दिवशी जाळायचं, असलं कसलं लग्न, म्हणायचे आमचे हे," त्या एकदम म्हणाल्या. "तरी नंदीध्वजाच्या मागं अनवाणी चालायचे."

काका गिरणीत होते. एका सकाळी पाळीला गेले तर गेटवर कुलूप आणि नोटीस. कापडगिरण्यांवर वाढलेल्या या गावात असं किती घरांत झालं असेल! मग ते यंत्रमागावर चादरी विणायला लागले, खोकला तिथलाच. गिरणीचं घेणं मिळालं ते काका गेल्यानंतर. त्या पैशांचं काय केलं, हे विचारायला नको होतं की काय असं वाटेपर्यंत मावशींनी वर बोट केलं. छताचे पत्रे.

"पावसाळ्यात हे बादल्या मांडत बसायचे रे. आता एक थेंब गळत नाही."

टीव्हीवर होम पेटला. मावशींनी सुपावरचे हात झटकले, पडद्याकडे बघून नमस्कार केला आणि पुन्हा दोरा उचलला. उद्या सकाळी माल कारखान्यात द्यायचा होता.

"उद्या शोभेची दारू उडवतात, ती बघूनच जा," त्या म्हणाल्या. "अन् पाकीट वरच्या खिशात ठेवू नको. लई गर्दी असते."