पंखा लागेपर्यंत

१२ मे, रात्रीचे साडेअकरा

आईची गाडी आज मी मारली. दुसरा शब्द सुचत नाहीये.

पुण्यातलं लग्न उरकून दुपारी दोनला निघाले. डिकीत मावशीने दिलेली आंब्याची पेटी, मागच्या सीटवर आहेराच्या पिशव्या आणि गाडीत मी एकटी. आई दोन दिवस आधीच एसटीने घरी आलेली. शिरवळपर्यंत गाडी मस्त पळाली. खंडाळा सोडलं आणि खंबाटकीच्या पायथ्यालाच रांग. पुण्याला जाताना बोगदा मिळतो, साताऱ्याला येताना मात्र घाट चढावाच लागला. पुढे एक भरलेला ट्रक, मागे एक ट्रॅव्हल्स, मी मध्ये. पहिल्या गिअरमध्ये दहा फूट जायचं, थांबायचं, परत दहा फूट. एसी चालू.

तापमानाची सुई वर चढलेली मी पाहिली. नाही पाहिली असं म्हणणार नाही. एसी बंद केला, काचा खाली केल्या. बाजूला घ्यायला जागा नव्हती, आणि मागचा हॉर्न असा वाजवत होता की डोकं चालेना. तेवढ्यात सुई आपोआप खाली आली. पार खाली. हुश्श केलं आणि एसी परत लावला.

पाचच मिनिटांत बॉनेटच्या फटीतून वाफ, मग टकटक आवाज, मग पॅडल दाबलं तरी जोर नाही. एक हिसका बसला आणि गाडी थांबली. सेल्फ मारला तर नुसतं 'टक'.

ट्रकमागून एक क्लीनर पोरगा धावत आला, मागे दगड लावून गेला. जाता जाता म्हणाला, "ताई, झाकणाला हात लावू नका. तासभर गप बसा." मी वीस मिनिटं बसले. मग घाटात काकडी आणि पाणी विकणाऱ्या पोराकडून बर्फातल्या दोन बाटल्या घेतल्या आणि रेडिएटरमध्ये ओतल्या. आत कुठेतरी चर्र झालं, तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारावा तसं.

टोइंगचे साडेतीन हजार. आई दारात उभी होती. "तुला लागलं नाही ना?" एवढंच विचारलं. आंबे मात्र डिकीतल्या उकाड्याने सगळे एकदम पिकलेत. उद्या आमरस.

१३ मे

गाडी मारुती ८००, २००३ची. आईने भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून घेतलेली, आणि घेतल्यावर शिकलेली. तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. बाबांना गाडी कधी आलीच नाही, ते डावीकडे बसून सूचना करायचे. शाळेतल्या बाकीच्या बाई स्कूटीवर यायच्या, विज्ञानाच्या बाई गाडीतून. आता ती अडुसष्टची आहे आणि अजून मंडईत स्वतः जाते. माझी गाडी तिने एकदाच चालवली. "हिचं नाक कुठे संपतं ते कळत नाही," म्हणाली आणि किल्ली परत दिली.

दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, झाकण उघडून पाणी बघायचं आणि ऑइलची पट्टी पुसून परत बुडवायची, हा तिचा एकवीस वर्षांचा नेम. मी लग्नाला न्यायला मागितली तेव्हाही म्हणाली होती, निघताना पाणी बघ. मी बघितलं नाही.

गॅरेजवाले मिस्त्री आईचे विद्यार्थी. चाळिशी उलटलेला माणूस आईसमोर अजून हात मागे बांधून उभा राहतो, आणि आई त्याला अरे-तुरे करते. त्याने आधी पंखा तपासला. रेडिएटरमागचा विजेचा पंखा; पाणी ठरावीक तापलं की आपोआप लागतो. त्याच्या मोटरचे कार्बन झिजून संपलेले. हायवेला वेग असतो, समोरून वारा लागतो, तिथे पंख्यावाचून चालून गेलं. घाटात रांगेत वारा कुठला? पाणी उकळलं आणि उडून गेलं.

"पण सुई खाली आली होती," मी म्हटलं.

तो हसला नाही, हे बरं केलं. "ताई, सुई ज्या सेन्सरवर चालते तो पाण्यात बुडलेला असतो. पाणीच नाय म्हटल्यावर तो मोकळ्यात पडला. त्याला काय कळणार? सुई खाली आली की लोक खूश होतात, आणि तिथंच खरा कार्यक्रम होतो."

कार्यक्रम. एसी परत लावल्याचं मी सांगितलं नाही.

१४ मे

इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं. मी मुद्दाम गेले, आईही आली. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर.

मिस्त्रीने हेड पालथं टेबलावर ठेवलं, कापडाने पुसलं, त्यावर लोखंडी पट्टी उभी धरली आणि मागून मोबाइलची बॅटरी लावली. पट्टी आणि हेड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली. दोन्ही टोकांना काही नाही, मध्ये बारीक पिवळी रेघ. केसाएवढी. तेवढ्यासाठी माणसाचा जीव जात नाही, इंजिनाचा जातो.

"बाई, पट्टी बघितली की तळहात खाजतो अजून," तो म्हणाला.

"तुला कधी मारलं मी?"

"तुम्ही नाय. भूगोलाच्या सरांनी."

मग दोघांचा तासच सुरू झाला. आई म्हणाली, ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला खालचा भाग, ओतीव लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तेवढ्याच उष्णतेला ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. बोल्टने चहूबाजूंनी आवळलेलं असल्यावर ते वाढणार कुठे? वाकणारच. मिस्त्रीला गोळा आणि कडीचा प्रयोग आठवत होता: थंड असताना गोळा कडीतून जातो, तापवला की अडकतो. "पिष्टनचं तेच झालंय बाई. गोळा अडकला." दुसऱ्या नंबरच्या सिलिंडरमध्ये बोट घालून त्याने मला खरचटे दाखवले. नख अडकत होतं. मूळचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८.५ मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन टाकला तर खरचटे निघाले असते, लेथवाला ते काम तीन दिवसांत करून देतो.

पण मग त्याने दोन सिलिंडरच्या मधली जागा रॉकेलने धुतली, खडूची पूड लावली आणि वाट बघितली. पांढऱ्यावर एक काळी रेघ हळूहळू उमटली. ब्लॉकला चीर.

"गरम असताना गार पाणी ओतलं होतं का कुणी?"

"नाही," मी म्हटलं.

आई पर्सच्या चेनशी चाळा करत होती.

१६ मे

घरात चर्चा. म्हणजे भाऊ फोनवर बोलतो आणि आम्ही ऐकतो. त्याचं म्हणणं सरळ आहे. गाडी एकवीस वर्षांची. भंगारवाला आहे तशी बावीस हजाराला उचलतोय. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, पर्यावरण कर, वर हा खर्च. त्याच्या हिशेबात चूक नाही. मलाही दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं: इंजिनाला लागणारे पैसे गाडीच्या किमतीपेक्षा जास्त असतील तर सोडून द्या.

आई म्हणाली, "बावीस हजारात मला कुठली गाडी येणार आहे, जी मला चालवता येते?"

फोनवर थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, रिक्षा आहे की. तिने फोन माझ्या हातात दिला आणि कुकर लावायला गेली.

मिस्त्रीचं मत त्याच धंद्यातलं, म्हणून मी सावधपणे घेतलं, पण मुद्दा पटला. मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली, तरी हेच ७९६ सीसीचं तीन सिलिंडरी इंजिन ओम्नीत पुढे २०१९ पर्यंत होतं. त्यामुळे सुटे भाग अजून कुठेही मिळतात, आणि ते खोलून बसवायला कॉम्प्युटर लागत नाही. "बाई, बॉडीला गंज नाय, गिअरबॉक्स चांगला. फक्त काळीज बदलायचंय." असल्या उपमा मला आवडत नाहीत, पण आईला आवडल्या.

१८ मे

कराडच्या अलीकडे एका भंगारवाल्याकडे गेलो. मागून ट्रकची धडक बसलेली ८००. डिकी मागच्या सीटपर्यंत आत आलेली, बॉनेटखाली मात्र सगळं जागच्या जागी. देव्हाऱ्यातला छोटा गणपती डॅशबोर्डवर तसाच चिकटलेला. मालक वाचले का, असं विचारायचं होतं. विचारलं. वाचले म्हणे.

मिस्त्रीची तपासणी बघण्यासारखी होती. आधी ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं: साय दिसली तर पाणी ऑइलमध्ये मिसळलंय असं समजायचं. साय नव्हती. मग तीनही प्लग काढले. टोकं बिस्किटी रंगाची, म्हणजे जळण ठीक. मग प्लगच्या भोकात कंप्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारा, गेज लावून बाहेरच्या बॅटरीवर सेल्फ फिरवला. तीनही आकडे ११ ते १२च्या मध्ये. "आकडा किती यापेक्षा तिघांत भांडण नाय ना, ते बघायचं," हे त्याचं सूत्र. शेवटी ब्लॉकवरचा नंबर घासून वाचला, 'एफ८बी'ने सुरू होणारा, आणि त्या गाडीच्या कागदांवरच्या नंबराशी ताडून पाहिला. नंबर जुळत नसेल तर फुकट दिलं तरी इंजिन घ्यायचं नाही, असं त्याने मला दोनदा बजावलं.

सोळा हजार. पक्की पावती घेतली. निघताना आईने तो गणपती मागून घेतला.

२२ मे

आज जुनं इंजिन बाहेर निघालं. चेन कप्पीला लटकलेलं, ऑइल ठिबकणारं, वाटलं होतं त्याहून किती लहान. एकवीस वर्षं हे आम्हाला महाबळेश्वरला, पंढरपूरला, बाबांना दवाखान्यात नेत-आणत होतं. बाबांच्या शेवटच्या वेळीही.

नवं, म्हणजे दुसऱ्याचं जुनं, बसवायच्या आधी, इंजिन बाहेर असताना जे स्वस्तात होतं ते सगळं बदललं: टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, ऑइल सील, क्लच प्लेट, फाउंडेशनची रबरं, थर्मोस्टॅट, पंख्याची अख्खी मोटर. रेडिएटरही धुऊन घेतला. सामानाचे १३,४००, मजुरी ६,०००. इंजिन धरून ३५,४००. निम्मे मी देते म्हटलं. आई म्हणाली, सगळेच दे. मला त्यात बरं वाटलं.

२३ मे

चालू झालं. पहिल्या दोन वेळा सेल्फ नुसता फिरला, तिसऱ्यांदा इंजिन खोकलं आणि लागलं. मिस्त्रीने आईला गाडीत बसवूनच चावी मारायला लावली होती. आवाज थोडा वेगळा आहे. किंचित जाड. आईने मान तिरकी करून ऐकलं, वर्गात मागच्या बाकावरून कोण बोलतंय ते ओळखायची तशी.

संध्याकाळी वळवाचा पाऊस. गाडी अंगणात.

२७ मे

आरटीओ. इंजिन बदललं की चौदा दिवसांत कळवावं लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. पावती, अर्ज, फी, आणि इंजिन नंबरची प्रिंट: नंबरावर कागद दाबून वरून पेन्सिल घासायची. लहानपणी आपण नाण्यांची करायचो तशीच. पहिल्या प्रिंटमध्ये एक आठ शून्यासारखा आला म्हणून परत पाठवलं. विमा कंपनीलाही नवा नंबर कळवला. बाकी दिवस रांगेत गेला, लिहिण्यासारखं नाही.

३० मे

आज सकाळी आईने किल्ली उचलली आणि म्हणाली, "यवतेश्वर चढून बघू." मी डावीकडे बसले, बाबांच्या जागेवर. सूचना एकही केली नाही, पण उजवा पाय दोन वळणांवर उगाच दाबला गेला.

ती घाट दुसऱ्यात चढली. डोळे रस्त्यावर, आणि दर वळणानंतर एकदा सुईवर. एसी बंद. डॅशबोर्डवर कराडचा गणपती, सेलोटेपने. खाली सातारा, पलीकडे अजिंक्यतारा, परवाच्या पावसाने धुतलेला. वर देवळापाशी तिने गाडी बाजूला घेतली, न्यूट्रल केली, पण बंद केली नाही. मिस्त्रीने सांगून ठेवलंय: पहिले काही दिवस पंखा लागलेला स्वतःच्या कानाने ऐकल्याशिवाय चावी फिरवू नका.

म्हणून आम्ही बसून राहिलो. इंजिन आपलं गुरगुरतंय. सुई मध्यावर, मग मध्याच्या जरा वर.

"आई, पाणी मीच ओतलं होतं. बर्फातलं."

"माहितीये."

"कसं?"

"काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला की काय होतं, ते मी तीस वर्षं शिकवलंय. हे त्याच्या उलटं. आणि तू खोटं बोलताना उगाच मोठ्याने बोलतेस."

"एसीपण परत लावला होता."

हे तिला माहीत नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होती, मग एकदम हात वर केला. "थांब. ऐक."

पुढून खट् झालं आणि पंखा फिरायला लागला.