कपाटांमागची भिंत

पेंढ्याच्या गठ्ठ्यांचं घर, म्हणजे विटांऐवजी पेंढ्याचे गठ्ठे रचून त्यांवर गिलावा केलेलं. अशा घराची मंजुरीसाठी माझ्याकडे आलेली ही तिसरी फाइल. शेजारच्या टेबलावरचे सहकारी न उघडताच म्हणाले, "परत पाठवा. एक ठिणगी आणि सगळं संपलं." वाचायच्या आधी नकार द्यायची ही सवय आमच्या खात्यात फार आहे आणि मला तिचा मनापासून राग येतो. सुटी काडी भडकते, पण घट्ट आवळलेल्या गठ्ठ्यात हवाच खेळत नाही, तो धुमसत राहतो. २००६ साली अशा भिंती भट्टीला लावून तपासल्या गेल्या. मातीच्या गिलाव्याची भिंत १ तासाच्या कसोटीला उतरली, सिमेंट-चुन्याची २ तासांच्या. तासाभरात ती भट्टी ९०० अंशांच्या पुढे गेलेली असते आणि भिंतीच्या मागच्या बाजूचं तापमान सरासरी साधारण १४० अंशांहून जास्त वाढलं की भिंत नापास. उघडं पोलाद ५५० अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावतं, त्याच्याबद्दल मात्र कुणी फाइल परत पाठवत नाही.

तपासणी खरं तर काम पूर्ण झाल्यावरच होते. पण घरमालकांनी फारच आग्रह केला, "मॅडम, भिंत एकदा हात लावून बघा." म्हणून आधी गेले. गिलावा देखणा होता. ठिकठिकाणी सुई टोचून जाडी मोजली, कुठेच कमी भरली नाही. पोटमाळ्यावरच्या झोपायच्या खोलीची खिडकी न उघडणारी होती, ती बदलायला सांगितली. हे नेहमीचंच.

मग स्वयंपाकघरात शिरले. नवी कपाटं जमिनीवर रचून ठेवलेली आणि त्यांच्या जागेवर, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत, भिंत कोरी. पिवळा पेंढा उघडा. स्विचचा डबा थेट गठ्ठ्यात खुपसलेला, वायरीभोवती काड्या पिंजारलेल्या.

"कपाटं येणार ना तिथे, दिसणार कुणाला?" मिस्त्री म्हणाले.

ते कामचुकार नव्हते. आयुष्यभर विटांवर काम केलेल्या माणसाला गिलावा म्हणजे भिंतीची सफाई. इथे तोच गिलावा आगीला अडवणार होता, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. शिडी लावून वर पाहिलं, तर भिंतीचा माथाही उघडाच. कपाटामागच्या पोकळीत वायर तापली असती, तर जाळ धुराड्यासारखा सरळ छपरात गेला असता.

मालकांचा चेहरा उतरला, पण मिस्त्रींनी लगेच माती भिजत घातली. सुतार दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

आमच्या तपासणीच्या फॉर्मवर एकच ओळ आहे: भिंतींना गिलावा, आहे किंवा नाही. आधीच्या दोन्ही घरांना मी त्यापुढे 'आहे' लिहून मंजुरी दिली. दोन्हीकडे मी पोचले तेव्हा कपाटं बसलेली होती. त्या दोन्ही फाइली काल काढून टेबलावर ठेवल्या आहेत. फोन अजून केलेला नाही.