१९४३ची फाईल आधी

जुनी पुस्तकं आणि नियतकालिकं स्कॅन करून संगणकावर साठवण्याचं, म्हणजे डिजिटायझेशनचं अनुदान मंजूर झालं तेव्हा आमच्या कार्यकारी मंडळात एका गोष्टीवर लगेच एकमत झालं: सुरुवात सर्वांत जुन्या पुस्तकांपासून करायची. आमच्या जिल्हा वाचनालयात शिळाप्रेसवर, म्हणजे हाताने लिहिलेली अक्षरं दगडावरून उमटवून छापलेली पुस्तकं आहेत. त्यांचे फोटो छान येतात आणि उद्घाटनाला शोभतात. संदर्भ विभाग माझ्याकडे असल्यामुळे क्रमवारी मला लावायची होती. कपाटं उघडून एकेक कागद हाताळायला घेतला आणि सगळी यादी उलटी झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला कागद बहुतेक चिंध्यांच्या लगद्याचा. त्याला कसर लागते, ओल लागते, पण पान वाकवलं तर वाकतं. पुढे लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यातलं लिग्निन हे लाकडातलं द्रव्य उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, कागदात आम्ल वाढत जातं आणि तंतू आतल्या आत तुटतात. त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई, त्यामुळे मिळेल तो कागद वापरून पानं कमी केलेले अंक. १९४३ची एक फाईल, म्हणजे वर्षभराचे अंक एकत्र शिवलेला गठ्ठा, उघडली तर पान उलटताना कडेचा पापडासारखा चुरा पडत होता. १८५०च्या दशकातलं पुस्तक शेजारीच धडधाकट. दोन्ही मंडळाच्या सभेत टेबलावर ठेवली आणि अध्यक्षांना म्हटलं, "सर, तुम्हीच पान उलटून बघा." त्यांनी उलटलं, हाताला लागलेला चुरा पाहिला आणि विषय तिथेच मिटला.

त्यानंतर लगेच स्कॅनिंग सुरू होईल असं सगळ्यांना वाटत होतं. पण आधी अंक तपासणीला बसलो, आणि सगळ्यांत जास्त वेळ तिनेच खाल्ला. प्रत्येक फाईल पानागणिक पाहायची आणि रजिस्टरमध्ये तारीख, वर्ष, अंक, पानं, पुरवणी, फाटकं काय, नसलेलं काय, सगळं लिहायचं. जुन्या साप्ताहिकांत अंकाचा क्रमांक चुकीचा छापलेला असतो. दोन लागोपाठच्या आठवड्यांवर एकच आकडा येतो आणि मग एक अंक गहाळ आहे असं उगाच वाटतं. बांधणी करताना कुणीतरी ऑगस्ट जुलैच्या आधी शिवलेला असतो. दिवाळीची पुरवणी फेब्रुवारीत सापडते.

हे कशासाठी, असं मला स्कॅनिंगवाल्यांनीही विचारलं. कारण साधं आहे. फाईल हातात असते तेव्हा फाटलेल्या पानाचा कपटा शिवणीत अडकलेला दिसतो, म्हणजे इथे काहीतरी होतं हे कळतं. संगणकावर दोन नंबरच्या पानानंतर पाच नंबरचं पान आलं की मधला कागद मुळातच नव्हता की स्कॅन करणाऱ्याकडून राहून गेला, हे दहा वर्षांनी कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून आम्ही जाड अक्षरांत छापलेल्या चिठ्ठ्या केल्या: 'अंक उपलब्ध नाही', 'पान फाटलेले', 'क्रमांक मुळात चुकीचा'. त्या त्या जागी चिठ्ठी ठेवून तिचंही स्कॅन घ्यायचं. संपूर्ण प्रकल्पात मला सर्वांत अभिमान कशाचा असेल तर या चिठ्ठ्यांचा.

शिवणीचा प्रश्न वेगळाच होता. पूर्वी वर्षाचा गठ्ठा करून कडेने आरपार टोचे मारून शिवायची पद्धत होती, त्यामुळे आतला स्तंभ निम्मा शिवणीत जातो. स्कॅनिंग करणाऱ्या एजन्सीचं म्हणणं, वर काच दाबली की पान सपाट होतं. होतं खरं, पण ठिसूळ कागद त्या रेषेवर तुटतो. आमचे बाइंडरकाका दोरा बोटाने चाचपत म्हणाले, "सुटेल. पण ब्लेड लावू देणार नाही कुणाला, आणि घाई करायची नाही." त्यांनी एकेक टोचा कापून दोरा ओढून काढला. फाटलेल्या कडांना जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद, आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ लावली. सेलोटेपला बंदी. जुन्या सेलोटेपने कागदाचं जे केलं आहे ते वाळवीलाही जमलं नसतं. मागची छपाई पुढे उमटू नये म्हणून प्रत्येक पानाखाली काळा कागद सरकवायचा आणि बांधीव पुस्तकं पूर्ण सपाट न उघडता व्ही आकाराच्या पाळण्यातच ठेवायची, या अटी करारात घातल्या. पानागणिक पैसे मिळणाऱ्याला यातलं काहीच परवडत नाही, त्यामुळे वाद झाले. आता नवीन वाचनालयांना मी एवढंच सांगतो, दर ठरवण्याआधी अटी लिहा.

साठवणुकीचा हिशोबही आधीच करावा. ए-टू आकाराचं पान ४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके) रंगीत, न दाबलेल्या टिफ या चित्रप्रकारात घेतलं तर एका पानाची संगणकातली फाईल १८५ एमबीच्या आसपास जाते. चार पानी दैनिकाचे वर्षाला ३०० अंक धरले तर एका वर्षाला सव्वादोनशे जीबी. त्याच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. वाचकांना अर्थात हलकी पीडीएफच दिली जाते.

तारखांनी डोकं खाल्लं. जुन्या पुस्तकांवर नुसतं शक असतं. त्यात ७८ मिळवले की झालं असं म्हणतात, पण शक चैत्रात बदलतं, त्यामुळे जानेवारीपासून चैत्रापर्यंत ७९ मिळवावे लागतात. 'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१चा, तेव्हा शके १८०२ चालू होतं. महिना दिलेला नसेल तर आम्ही नोंदीत दोन्ही वर्षं लिहितो. संगणकातल्या फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, तारीख, पान. क्रम आपोआप लागतो.

ओसीआरकडून, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं यंत्राने वाचण्याच्या तंत्राकडून, मंडळाच्या फार अपेक्षा होत्या. शिळाप्रेसच्या पुस्तकांतलं अक्षर हाताने लिहिलेलंच, तिथे आम्ही प्रयत्न सोडून दिला. खिळ्यांच्या, म्हणजे सुटी अक्षरं जुळवून केलेल्या छपाईवर टेसरॅक्ट हे ओसीआरचं सॉफ्टवेअर बऱ्यापैकी चालतं, पण स्तंभ आखून दिले नाहीत तर अग्रलेखाची ओळ शेजारच्या केसांच्या तेलाच्या जाहिरातीत शिरते. १८३२च्या 'दर्पण'सारखी मराठी आणि इंग्रजी शेजारीशेजारी छापलेली पत्रं असतील तर विचारूच नका. दुसरी गंमत अनुस्वारांची. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचं लेखन 'पुण्यांत', 'केलें', 'त्यानें' असं. वाचक 'पुण्यात' शोधतो, त्याला काहीच सापडत नाही. शिवाय यंत्र कागदावरचा डाग अनुस्वार म्हणून वाचतं आणि खरा अनुस्वार डाग म्हणून गाळतं. शेवटी शोधासाठीच्या मजकुरातून सगळे अनुस्वार काढले आणि वाचकाला दाखवायचं पान जसंच्या तसं ठेवलं. 'अंत' शोधणाऱ्याला 'अत'ही सापडतं आणि ते गाळून घ्यावं लागतं, तेवढं चालतं.

प्रताधिकाराबाबत आम्ही सरळ नियम पाळला. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं प्रताधिकार. १९६०मध्ये गेलेल्या लेखकाचं साहित्य १ जानेवारी २०२१पासून खुलं. ज्याबद्दल खात्री नाही ते फक्त वाचनालयात बसून वाचायला.

नसलेल्या अंकांची यादी आम्ही इतर वाचनालयांना पाठवली. काही अंक त्यांच्याकडे निघाले, तर त्यांच्याकडे नसलेले काही आमच्याकडे.

आता वाद आहे तो मूळ फायलींचा. "सगळं हार्ड डिस्कवर आलंय, मग कपाटं कशाला अडवायची?" असं एका सदस्यांनी विचारलं. मायक्रोफिल्म झाली, म्हणजे पानांचे बारीक फोटो फिल्मवर घेतले गेले, म्हणून मूळ अंक विकून टाकणाऱ्या परदेशी वाचनालयांची उदाहरणं मी दिली. फिल्मवर जे धूसर आलं ते पुन्हा पाहायला मूळ अंकच उरले नाहीत. सध्या फायली आम्लरहित कागदात गुंडाळून आडव्या ठेवल्या आहेत, आणि कपाटांचा विषय पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर परत आला आहे.