वकिलाचा रस्ता वार्डातून जातो

इंदुरात मराठी घरातलं पोरगं सनद घेऊन आलं आणि चार माणसांत नीट बोलायला लागलं, की कुणीतरी विचारतंच, "मग, निवडणूक कधी?" या प्रश्नामागे दाखले आहेत. सुमित्राताई महाजनांनी कायद्याची पदवी इथेच घेतली. १९८२ मध्ये त्या नगर निगमात, म्हणजे महानगरपालिकेत आल्या, मग उपमहापौर झाल्या, १९८५ ची विधानसभा हरल्या आणि १९८९ मध्ये लोकसभेत गेल्या. कैलाश विजयवर्गीय हेही कायद्याचे पदवीधर. १९८३ मध्ये पार्षद, म्हणजे नगरसेवक, १९९० मध्ये आमदार. २०२२ मध्ये महापौर झालेले पुष्यमित्र भार्गव हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात अतिरिक्त महाधिवक्ता होते. तिकडे ग्वाल्हेरला नारायण कृष्ण शेजवलकर वकिली करता करता महापौर झाले, पुढे खासदार.

पण पदवी वेगळी आणि रोजची वकिली वेगळी. त्यातही कुठली वकिली, यावर बरंच अवलंबून असतं. फौजदारीत नाव काढलेल्या वकिलाला शहर ओळखतं. वार्डात मात्र उपयोगी पडतं ते नामांतरण (मिळकतीवरचं नाव बदलणं), भाडेकरूंचे दावे, संपत्तिकर आणि नकाशा-मंजुरीचं काम. राजकारणात जायचं मनात असेल, तर पाच-सात वर्षं हेच काम करावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. निगमाच्या झोन ऑफिसात कुठली फाइल कुणाच्या टेबलावर अडते, हे तिथेच कळतं.

एक उदाहरण जवळून पाहू. पावसाळा तोंडावर आला, की राजवाड्यामागच्या गल्ल्यांत एखाद्या जुन्या वाड्याच्या दारावर नोटीस चिकटते: मध्यप्रदेश नगर पालिक निगम अधिनियम, १९५६, कलम ३१०, जर्जर भवन, म्हणजे मोडकळीला आलेली धोक्याची इमारत. आधी नोटीस पुरती वाचायची. ती कुणाच्या नावे आहे, धोका अख्ख्या इमारतीला सांगितलाय की फक्त सज्जाला, पाहणी कोणत्या तारखेची आहे, मुदत किती दिवसांची आहे. मग दोन्ही बाजू ऐकायच्या. घरमालक कधी कधी या नोटिशीवर खूशच असतो, कारण जुन्या भाड्यातले बिऱ्हाडकरू त्यामुळे बाहेर पडतात. भाडेकरू घाबरलेले असतात, कारण भिंत गेली की हक्कही गेला असं त्यांना वाटतं. मध्यप्रदेशचा भाडेकरूंचा कायदा, म्हणजे स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१, याचं कलम १८ पुन्हा बांधलेल्या जागेत परत येण्याची वाट दाखवतं, पण कागद असेल तरच. म्हणून सामान हलवण्याआधी प्रत्येक खोलीचं माप घेऊन पंचनामा करावा, फोटो काढावेत, भाड्याच्या पावत्या आणि विजेची बिलं एका फाइलीत लावावीत, परत येण्याचा हक्क राखून ठेवत असल्याचं पत्र मालकाला रजिस्टर्ड डाकेनं पाठवावं आणि त्याची प्रत झोन ऑफिसात देऊन पोच घ्यावी. लोक "भाऊ, परत घेऊ तुम्हाला" एवढ्या शब्दावर बाहेर पडतात, आणि वर्षभरानं तिथे मोकळा प्लॉट उरतो.

वकील म्हणून इथे तुम्ही एकाच्या बाजूनं उभे राहता. पार्षद झालात की मालकही तुमचा मतदार, भाडेकरूही तुमचाच. म्हणून आपल्या वार्डातल्या अशा भांडणात कुणाचाच वकालतनामा घेऊ नये. स्टे आणून नाव मिळतं हे खरं, पण भिंत खरोखर झुकली असेल तर स्टेच्या कागदानं ती थांबत नाही. आधी माणसं बाहेर काढायची, दावा नंतर.

निगमाच्या बाबतीत तर बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचा, नियमच आहे: ज्या संस्थेच्या कार्यकारिणीवर वकील आहे, तिच्या बाजूनं किंवा विरुद्ध त्यानं उभं राहायचं नाही. निगमाची कार्यकारिणी म्हणजे महापौर परिषद; तिच्यात गेलेल्याला हा सरळ लागू पडतो. नुसत्या पार्षदानंही तो पाळावा. निवडून आल्याच्या आठवड्यातच निगमाशी संबंधित सगळ्या केसेसची यादी करावी, पक्षकारांना दुसरा वकील लावता येईल इतका वेळ देऊन लेखी कळवावं आणि न केलेल्या कामाची फी कागदांसोबत परत करावी. "ज्युनियर उभा राहील" ही सोय करू नये. सगळ्यांना कळतं.

टिकटाच्या वेळची मोठी चूक म्हणजे सरकारी वकिलांच्या पॅनलवर तसंच राहणं. सुप्रीम कोर्टानं महादेव विरुद्ध शांतिभाई या खटल्यात रेल्वेच्या वकिलांच्या पॅनलवर असणं हे लाभाचं पद, म्हणजे उमेदवाराला अपात्र करणारं सरकारी पद, ठरवलं. पुढे कांता कथुरिया खटल्यात विशेष सरकारी वकिलाचं काम तसं ठरलं नाही, पण तेही बहुमतानं. अशा धारेवर आपली उमेदवारी ठेवायची कशाला? राजीनामा अर्ज भरण्यापूर्वी द्यावा आणि तो स्वीकारल्याचं पत्र हातात घ्यावं. नुसती आवक-क्रमांकाची प्रत पुरत नाही.

वार्डाचं आरक्षण चिठ्ठीनं निघतं, निम्म्या जागा महिलांच्या. इंदुरात ८५ वार्ड आहेत. दहा वर्षं राबलेला वार्ड एका सकाळी हातातून जातो, तेव्हा शेजारच्या वार्डातही ओळख हवी.

विधानसभेच्या अर्जात फॉर्म २६ चं, उमेदवाराच्या स्वतःच्या माहितीचं, शपथपत्र असतं. दुसऱ्यांची शपथपत्रं रोज करणारे वकील स्वतःचं मात्र घाईत भरतात. एकही रकाना कोरा सोडू नये. काही नसेल तिथे "निरंक" लिहावं. २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निर्णयानंतर कोऱ्या रकान्यांवरून अर्ज फेटाळता येतो. खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्यायचा. तो चुकला तर तीन वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. आणि हरलात, निकालाला आव्हान देणारी याचिका करायची असेल, तर हायकोर्टात ४५ दिवस. एक दिवसही वाढवून मिळत नाही.

भोपाळला, विधानसभेत, वकिलाचा खरा उपयोग विधेयक वाचताना होतो. हिंदी मसुद्यात "करेगा" आणि "कर सकेगा" यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात अधिकाऱ्यावर बंधन, दुसऱ्यात त्याची मर्जी. अपिलाची मुदत आदेशाच्या तारखेपासून मोजायची की आदेश हाती पडल्यापासून, हेही तिथेच ठरतं. अशा दोन शब्दांची दुरुस्ती वेळेत लेखी देणारा आमदार आम्हाला तासभर भाषण करणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

आमदारकीसोबत वकिली चालते. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते स्पष्ट केलं. अधिवेशनाच्या दिवसांत मात्र पेशीवर हजर राहणं जमत नाही, आणि ते पक्षकाराला फी घेण्याआधी सांगायला हवं. जाहिरातीचा नियमही तेव्हा जास्त जपावा लागतो. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाची पाटी बेताच्या आकाराची असावी आणि तिच्यावर कुठल्या संस्थेशी असलेला संबंध मिरवू नये. म्हणजे चेंबरच्या पाटीवर "पार्षद" किंवा "विधायक" नको, आणि दिवाळीच्या शुभेच्छांच्या होर्डिंगवर चेंबरचा नंबर नको.